आगल्याची टोरी

फळीवर तो डबा नाही, हे बायकोच्या लक्षात यायला जून उजाडावा लागला. दर वर्षी पावसाच्या आधी ती स्वयंपाकघरातली वरची फळी रिकामी करते, पुसते, आणि मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा जुना डबा उचलून हलवते. आतून खुळखुळ आवाज येतो. मग ती विचारते, टाकून देऊ का? मी म्हणतो, राहू दे. आठ वर्षं त्या डब्यावरून आमचं एवढंच बोलणं झालं. यंदा तिने विचारलं, डबा कुठे गेला? मी म्हटलं, दरेकशाला. तिने पुढे काही विचारलं नाही. दरेकशाला माझ्या बऱ्याच वस्तू राहून गेल्या आहेत. एक छत्री, एक स्वेटर आणि तिच्या मते थोडी अक्कलही.

डब्यात मोहाच्या बिया होत्या. आमच्याकडे मोहाच्या फळालाही टोरी म्हणतात आणि आतल्या बियेलाही टोरीच. सध्या तिचेच दिवस आहेत. परवा आमच्या नागऱ्याच्या देवळाकडून घरी येताना पिंपळाखाली चार-पाच टोऱ्या पडलेल्या दिसल्या. जवळपास मोहाचं झाड नाही. वटवाघळं कुठून तरी फळ तोंडात धरून आणतात, पिंपळाला उलटी लटकून गर खातात आणि बी खाली टाकून देतात. ओली, चिकट, तपकिरी बी. पाऊस आला की तिला मोड फुटतो. वटवाघळाला कोणी प्रशिक्षण दिलेलं नसतं. मला मात्र दिलेलं होतं, आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

मी गोंदियातल्या धानाच्या बियाण्याच्या एका गोदामात वीस वर्षं काढली. धानाच्या दाण्याशी माझं जितकं जमलं तितकं माणसांशी जमलं नसेल. बियाणं वाळलं की नाही हे पाहायला मला कुठलं यंत्र लागत नसे. दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट्‌कन तुटला तर वाळला. दबला तर अजून दोन उन्हं. वीस वर्षांत माझं बियाणं उगवलं नाही, असं म्हणत कोणी कट्टा, म्हणजे पोतं, परत आणलं नाही. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

म्हणूनच दरेकशाकडच्या गावांनी उजाड टेकडीवर पुन्हा आपलं रान उभं करायचं ठरवलं, तेव्हा बिया सांभाळायला माणूस म्हणून मला बोलावलं गेलं. बांधून ठेवलेल्या जुन्या दोन खोल्या, वर पत्रे, खाली सारवलेली जमीन. त्याला सगळे बीजघर म्हणत. मी तिथे राहायला गेलो तेव्हा मला साग, पळस आणि बाभूळ सोडून एकही झाड धड ओळखता येत नव्हतं. मी बिया आधी शिकलो, झाडं नंतर. आजही रानात मान वर करून पाहिलं तर मी गोंधळतो. खाली पाहिलं की कळतं कोणाच्या दारात उभा आहे.

त्या खोल्यांमधलं एक वर्ष माझ्या नाकात अजून तसंच आहे. माघात बिजाच्या, म्हणजे बिबल्याच्या, चपट्या, गोल, पापडासारख्या शेंगा यायच्या. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, पंखवाल्या फळांचा ढीग सुपाने ढकलला की कोरड्या पानांवरून कोणी चालल्यासारखा आवाज व्हायचा. बहाव्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा फोडल्या की गुळाच्या मळीसारखा वास दोन दिवस बोटांना राहायचा. बाभळीच्या बिया बायका शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणत, कारण शेळीच्या पोटातून गेलेली बी लवकर रुजते. त्या बिया निवडताना मी नाकाला रुमाल बांधत असे आणि बायका हसत. हिरडा, बेहडा, आवळा, चारोळीचा चार. प्रत्येकाचं वाळवणं वेगळं, फोडणं वेगळं. पण शेवट एकच होता: वाळवा, राखेत घोळा, कडुनिंबाचा पाला घाला, डब्यात भरा, झाकणाला मेण लावा, चिठ्ठी चिकटवा. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी पिशव्यांमध्ये पेरा.

चिठ्ठीचा नियम माझा होता. बी कोणत्या जातीची एवढं लिहून भागणार नाही, कोणत्या झाडाची, हेही लिहायचं. गावाजवळच्या मोठ्या झाडांना तिथे नावं आहेत, त्यामुळे सोय होती. चिठ्ठीवर खोटं लिहिलं तर बियाणं खोटं, असं मी पहिल्या दिवशी सगळ्यांना बजावलं. हे वाक्य मला पुढे बरंच महागात पडलं.

बिया वेचणाऱ्या बायकांच्या म्होरक्या समारीबाई होत्या. गोंडीण, तेव्हा साठीच्या आसपास, हडकुळ्या आणि कमी बोलणाऱ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन बांध्यांचं, म्हणजे दोन लहान शेतांचं, धान आणि रान यांवर त्यांनी घर चालवलं होतं. मी त्यांना अहो-जाहो करी, त्या मला बाबू म्हणत आणि अरे-तुरे करत. त्यांच्या घरचा एक मोह रस्त्याच्या कडेला होता. त्याचं नाव आगल्या. नाव पडलं कारण तो सगळ्यांच्या आधी फुलायचा. रानातले बाकीचे मोह अजून कळ्या धरून बसलेले असताना आगल्याखाली पहाटे सडा पडलेला असे. त्या गावात नवीन मोहफूल देवाला वाहिल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, आणि ते पहिलं फूल आगल्याचं असायचं. समारीबाईंच्या सासूने ते वेचून दिलं, तिच्या सासूनेही. मोठं जाड फूल, गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे जराशी तुरट चव. मी एकदाच खाल्लं, पण चव अजून सांगता येईल.

रस्ता रुंद व्हायचा होता. आगल्याच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा आणि आकडा आला. जूनमध्ये समारीबाई एके सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन आल्या, ते माझ्यापुढे उतरवलं आणि म्हणाल्या की ही त्याची शेवटची टोरी, एक झाड तरी माझ्या धुऱ्यावर उभं राहिलं पाहिजे. धुरा म्हणजे बांधीचा बांध. देवाचं फूल रस्त्यावरून घरी आणता येईल, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मी म्हटलं, एक काय, पन्नास करू.

दुसऱ्या दिवशी मी टोऱ्या ताडपत्रीवर उन्हात पसरल्या. समारीबाई उभ्या राहून पाहत होत्या.

"टोरी ठेवाची चीज नोहाय, बाबू. पडली का पेराची."

मी त्यांना समजावलं की पिशव्या, माती, हिरवी जाळी हे सगळं पुढच्या उन्हाळ्यात येणार, तोवर बी नीट सांभाळावी लागेल, आणि काळजी करू नका, मी वीस वर्षं बियाणं सांभाळलं आहे.

"धानाचा," त्या म्हणाल्या आणि घरी गेल्या.

त्या एका शब्दावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्याकडे पुरावा होता. त्या दिवसांत गावातल्या दर अंगणात टोरी वाळत पडलेली होती. बायका ती फोडत, वाळवत, पोत्यात भरत. वाळवल्याशिवाय टोरी कोणी ठेवतच नाही, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. ती तेलासाठी वाळत होती. हेही मला माहीत होतं. आमच्या घरी हिवाळ्यात टाचांना टोरीचंच तेल लावतात. पण जिचं तेल काढायचं ती बी मेली तरी चालते, आणि जिचं झाड करायचं तिला जिवंत राहावं लागतं, एवढा फरक माझ्या डोक्यात शिरला नाही. धानाच्या देशात वाढलेल्या माणसाला ओली बी म्हणजे सडकी बी वाटते. मी ती चांगली आठ दिवस कडक वाळवली. दाढेखाली धरली, कट्‌ वाजली. समाधान झालं.

डबा बंद केला त्या दिवशी समारीबाई सहज आल्या होत्या. मी डबा त्यांच्या कानाजवळ नेऊन खुळखुळ वाजवला आणि म्हटलं, ऐका, किती छान वाळली. त्यांनी ऐकलं. चिठ्ठीवर काय लिहिला ते वाच, म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही. मी वाचलं: मोह, आगल्या.

हिवाळ्यात आगल्या तोडला. मी पाहायला गेलो नाही. आवाज बीजघरापर्यंत येत होता, मध्ये एक मालगाडी बोगद्याकडे गेली तेवढा वेळ थांबल्यासारखा वाटला, मग पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी तिथून गेलो तर आभाळाचा एक भलताच मोठा तुकडा मोकळा झाला होता आणि ओल्या लाकडाचा वास होता. समारीबाई फांद्या ओढून नेत होत्या. सरपण म्हणून. मी मदत केली.

उन्हाळ्याच्या शेवटी पेरणी झाली. बहावा आला, बिजा आला, येन थोडा रुसून पण आला. आगल्याच्या पिशव्यांमध्ये काही नाही. पंधरा दिवस, वीस दिवस. मी एक बी उकरून काढली, नखाने फोडली. आतला गर पिवळा, आक्रसलेला, खवट वासाचा. दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या तशाच. उरलेला अर्धा डबा घेऊन मी बराच वेळ पायरीवर बसलो. पावसाने पत्र्यावर असा ताल धरला होता की विचार करायची सोय नव्हती, आणि ते बरंच होतं.

नाल्यापलीकडे एक मोह होता. कोणाचाच नाही, बिननावाचा. त्याच्याखाली त्या वेळी ताजी टोरी पडत होती. मी एका दुपारी पिशवीभर वेचून आणली आणि न धुता, न वाळवता, तशीच चिकट पेरली. पहिली दहा दिवसांत वर आली. जाड, लालसर मोड, माती बाजूला सारत. वीस वर्षांत जे मला कोणी शिकवलं नव्हतं ते मला एका पिशवीने शिकवलं, आणि पिशव्यांवरच्या पट्ट्या मी बदलल्या नाहीत. त्यांवर आगल्याच लिहिलेलं राहिलं.

हे मी का केलं, याची उत्तरं मी गेल्या बारा वर्षांत वेगवेगळी तयार केली. बाईंचं मन मोडायचं नव्हतं. टेकडीला झाडं हवी होती, झाडाला नाव नको असतं. खरं कारण एवढंच की माझं बियाणं उगवलं नाही, हे मला कोणाला सांगायचं नव्हतं. एका गोंडीण बाईला तर नाहीच, जिने मला आधीच एका शब्दात सांगितलं होतं.

रोपं वीतभर झाल्यावर समारीबाई आल्या. एक निवडलं, पानं उलटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आगल्याचाच हाये ना, बाबू?"

"हो."

बस, एवढंच. त्या रोप घेऊन गेल्या आणि धुऱ्यावर लावलं. काट्यांचं कुंपण घातलं, पहिले दोन उन्हाळे घरातून घडा नेऊन पाणी घातलं. मला ते दिसत असे आणि मी दुसरीकडे पाहत असे. पुढे चार वर्षांनी मी नागऱ्याला परतलो. निघताना अर्धा डबा बरोबर घेतला. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. पुरावा नष्ट करायला नेला, की जपायला, देव जाणे.

मी दर वर्षी एकदा पॅसेंजरने दरेकशाला जायचो. टेकडी हळूहळू हिरवी झाली. माणसं मला मान देत, चहा पाजत. मला तो चहा गोड लागायचा आणि परतीच्या गाडीत कडू. मोहाला फुलायला दहा-बारा वर्षं लागतात. म्हणजे माझी लबाडी उघडी पडायची तारीख मी स्वतःच पेरून आलो होतो. चोरी करून पोलिसाच्या दारात पावती टाकून यावी, तसं. जीभ खोटं पचवते, फूल पचवत नाही. ते आपल्या आईच्याच चवीचं किंवा दुसऱ्याच्या. त्यात तडजोड नाही.

यंदा होळीनंतर निरोप आला: झाड फुलला, ये म्हणा बाबूले. मी डबा पिशवीत घातला आणि निघालो. गाडीत खिडकीतून पळसाची फुलं संपत आलेली दिसत होती. दर स्टेशनावर वाटे, उतरावं आणि परत जावं. मला भीती वाटत होती, आणि साठीच्या जवळ आलेल्या माणसाला भीती शोभत नाही म्हणून जास्तच वाटत होती.

समारीबाई आता सत्तरी ओलांडलेल्या. धुऱ्यावरच्या झाडाखाली सारवलेल्या जागेवर बसल्या होत्या. पानाच्या द्रोणात फुलं ठेवली होती. मला बसवलं, द्रोण पुढे केला. मी एक फूल तोंडात टाकलं. गोड होतं, पातळ, रसाळ. गिळलं. जिभेच्या मागे काही नाही. मी आणखी एक खाल्लं, उगाच. मग डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"समारीबाई, हा आगल्याचा मोह नाही."

"मालूम हाये मले."

कधीपासून, असं मी विचारलं असावं. त्यांनी डबा उचलला, माझ्या कानाजवळ आणला आणि हलवला. खुळखुळ.

"तू असाच वाजवला होता माह्या कानाजवर. टोरी वाजली म्हंजे मेली."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"इचारला होता ना एक डाव. तू हो म्हनला. मंग दुसऱ्यान कायले इचारू?"

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या. मला लाज वाटली. बारा वर्षं या बाईने मला चहा पाजला होता. मी देवाचं विचारलं. पहिलं फूल वाहिलं की नाही, या झाडाचं. त्यांनी मान डोलावली.

"वाहिला. देवाले सांगूनच वाहिला. हा आगल्या नोहाय, दुसराच हाये, घेशील त घे."

मग त्या जरा हसल्या आणि मीही हसलो. तेवढ्यात त्यांची सून टोपली कमरेवर घेऊन आली. हल्ली बीजघर तीच पाहते. सासूला म्हणाली की लबाड्याखालची फुलं वेचून झाली, आता पलीकडच्या मोहाकडे जाते. मी विचारलं, लबाड्या कोणता? तिने आश्चर्याने वर बोट दाखवलं, आम्ही बसलो होतो त्याच झाडाकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून याला लबाड्याच म्हणतात म्हणाली, नाव कोणी ठेवलं तिला ठाऊक नाही. आता तर तिच्या माहेरीही हेच नाव गेलं आहे. समारीबाई द्रोणातली फुलं निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी तीन महिने या नावावर विचार करतो आहे. माझ्या लबाडीला गावाने पाणी घातलं, कुंपण घातलं, तिच्या सावलीत गाव बसलं, तिला देवापुढे नेलं, आणि नाव मात्र खरं ठेवलं. चिठ्ठ्यांचा नियम माझा होता, पाळला त्यांनी. यात मला बरं वाटावं की वाईट, हे अजून ठरत नाही. बहुधा दोन्ही वाटतं, दिवस पाहून.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. लबाड्याला पहिल्यांदाच फळ धरलं होतं, फार नाही, ओंजळभर. डबा समारीबाईंच्या चुलीजवळ दिसला. त्यात आता खडेमीठ आहे. जुनी टोरी चुलीत घातली म्हणाल्या, तेलाची होती, चांगली जळली. एवढं ऐकून मला हलकं वाटलं.

आम्ही तिघं बीजघरासमोर बसलो. सून पिशव्यांमध्ये माती भरत होती, समारीबाई टोरीचा गर बोटांनी काढत होत्या, मी ओल्या बिया एकेक करून पेरत होतो. आडव्या, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. पाऊस अजून आला नव्हता पण माती पाणी मारून भिजवली होती. त्याच दिवशी पडलेली बी त्याच दिवशी मातीत. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. मग सुनेने पत्र्याची पट्टी आणि रंगाची काडी माझ्या हातात दिली. कोणत्या झाडाची ते तुम्हीच लिहा म्हणाली, अक्षर तुमचं चांगलं आहे.

मी लिहिलं. रंग ओला होता, म्हणून पट्टी थोडा वेळ वाऱ्यावर धरली. समारीबाईंनी हात पुढे केला.

"काय लिहिला, वाच."

मी वाचलं, "मोह, लबाड्या."

त्यांनी पट्टी घेतली, अक्षरं सरळ की उलटी ते मला विचारलं, आणि ओल्या मातीत आपल्या हाताने खोचली.